मेंदूच्या लहरी आणि डोक्यावरून दिले जाणारे उपचार: काय सिद्ध झाले आहे, काय अजून नाही?

"डॉक्टर, डिप्रेशनच्या गोळ्या वाढवण्यापेक्षा ते डोक्यावर मशीन लावतात ते करून घेऊ का?"
"बाबांच्या विसरण्यावर चमकणाऱ्या दिव्याचा उपचार निघालाय म्हणे. मागवू का?"
"मुलीचा ईईजी नॉर्मल आलाय, मग फिटची गोळी कशाला चालू ठेवायची?"

हे तीन प्रश्न वेगवेगळ्या आजारांचे आहेत, पण तिन्हींचे मूळ एकच आहे: मेंदूतील विद्युत लहरी. या लहरी मोजता येतात आणि बाहेरून, कुठलीही चिरफाड न करता, मेंदूच्या कामात थोडाफार बदलही करता येतो. हे विज्ञान खरे आहे. मात्र त्यातले काही उपचार चांगले तपासलेले आहेत, काहींवर अजून संशोधन चालू आहे आणि काही नुसतेच विकले जात आहेत. रुग्णाला आणि घरच्यांना या तिन्हींत फरक करता यावा, एवढ्यासाठी हा लेख आहे. कारण इथे चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत. चालू औषध बंद होते, योग्य उपचाराला उशीर होतो आणि आजार बळावतो.

मेंदूच्या लहरी म्हणजे काय?

मेंदूतील पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलतात. एका पेशीचा संदेश इतका क्षीण असतो की तो कवटीबाहेरून मोजता येत नाही. पण हजारो-लाखो पेशी एका तालात काम करू लागल्या की त्यांच्या विद्युतप्रवाहाची बेरीज होते आणि डोक्याच्या त्वचेवर ती पकडता येते. क्रिकेटच्या मैदानाबाहेर उभे राहिल्यावर आतल्या एका माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, पण सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या तर ऐकू येतात, तसेच हे आहे.

जर्मनीतील येना येथील मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या लहरींची पहिली नोंद केली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याच तपासणीला आज आपण ईईजी म्हणतो. डोक्यावर लावलेल्या तारा फक्त 'ऐकतात'. त्या डोक्यात करंट सोडत नाहीत. त्यामुळे ईईजीची भीती बाळगण्याचे कारण नाही. तपासणीपूर्वी केस धुवावेत, तेल लावू नये आणि चालू गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थांबवू नयेत, एवढी तयारी पुरते.

लहरी एका सेकंदात किती वेळा वरखाली होतात, यावरून त्यांची नावे ठरली आहेत. सेकंदाला एक आवर्तन म्हणजे एक हर्ट्झ.

• डेल्टा (साधारण ०.५ ते ४ हर्ट्झ): गाढ झोपेत जास्त दिसतात.
• थीटा (४ ते ८ हर्ट्झ): पेंग येताना दिसतात. लहान मुलांत जागेपणीही असतात.
• अल्फा (८ ते १३ हर्ट्झ): जागे असताना डोळे मिटून शांत बसले की डोक्याच्या मागच्या भागात दिसतात.
• बीटा (१३ ते ३० हर्ट्झ): जागेपणी, डोळे उघडे ठेवून काही काम करताना.
• गॅमा (३० हर्ट्झपेक्षा जास्त): लक्ष देणे, पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींची जुळणी करणे अशा कामांशी यांचा संबंध जोडला जातो.

यातली कुठलीही लहर चांगली किंवा वाईट नसते. गाढ झोपेत डेल्टा लहरी हव्यातच. पण जाग्या, मोठ्या माणसाच्या मेंदूच्या एका बाजूला सतत डेल्टा लहरी दिसल्या, तर तिथे गाठ, मार किंवा स्ट्रोकची जागा आहे का, हे डॉक्टर पाहतात. लहर कोणती यापेक्षा ती कधी आणि कुठे दिसते, याला महत्त्व आहे.

ईईजीतून काय कळते आणि काय कळत नाही?

फिट्सचा आजार, बेशुद्धी, मेंदूज्वर आणि झोपेचे काही विकार यांत ईईजीचा चांगला उपयोग होतो. पण नेहमीचा ईईजी जेमतेम अर्ध्या तासाचा असतो. त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असेल, तर फिट्सचा आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. अशा सुमारे निम्म्या रुग्णांच्या पहिल्या ईईजीत काहीच सापडत नाही. म्हणून नॉर्मल रिपोर्ट पाहून गोळी बंद करू नका. निदान मुख्यतः घडलेल्या प्रसंगावरून होते: काय झाले, किती वेळ चालले, नंतर रुग्ण कसा होता. फिट आल्यावर घरच्यांनी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ डॉक्टरांना कित्येकदा रिपोर्टपेक्षा जास्त सांगून जातो.

नैराश्य, चिंता, अभ्यासात लक्ष न लागणे यांचे निदान मात्र ईईजीवरून होत नाही. 'ब्रेन मॅपिंग'चा रंगीत नकाशा दाखवून "इथे लाल आहे, म्हणून तुम्हाला डिप्रेशन आहे" असे कुणी सांगत असेल, तर सावध व्हा. नैराश्याचे निदान आजही रुग्णाशी बोलूनच होते.

लहर ही खूण आहे की कारण?

ताप आला की थर्मामीटरचा पारा चढतो. म्हणून थर्मामीटर गार पाण्यात बुडवला तर ताप उतरेल का? नाही, कारण पारा ही तापाची खूण आहे. मेंदूच्या लहरींबाबत हाच प्रश्न पडतो. शांत मनात अल्फा लहरी जास्त दिसतात हे खरे. पण अल्फा लहरी वाढवल्या तर मन शांत होते का? आजारात एखादी लहर कमी झालेली दिसली, तर ती वाढवल्याने आजार बरा होतो का?

बहुतेक जाहिराती हा प्रश्नच गाळतात. संशोधक मात्र नेमका तोच तपासतात. जर्मनीतील ल्यूबेक विद्यापीठात २००६ मध्ये झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. झोपलेल्या निरोगी तरुणांच्या डोक्यावर, गाढ झोपेच्या लहरींच्या तालात म्हणजे ०.७५ हर्ट्झने, अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडला. झोपण्यापूर्वी पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या त्यांना सकाळी जास्त आठवल्या. तोच प्रवाह ५ हर्ट्झने दिला तेव्हा हा फायदा दिसला नाही. म्हणजे काही बाबतींत ताल हा नुसती खूण नसून कामाचा भाग असू शकतो. पण प्रयोगात मोजकीच माणसे होती आणि पुढे इतरांनी तो करून पाहिला तेव्हा निकाल कधी तसे आले, कधी आले नाहीत. संशोधन असेच पुढे जाते. एका प्रयोगावर कुणाचा उपचार ठरत नाही.

टीएमएस: सर्वांत जास्त तपासलेला उपचार

टीएमएस म्हणजे ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, सोप्या शब्दांत कवटीच्या बाहेरून चुंबकाने दिलेले उत्तेजन. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा दाखवली.

तिचे तत्त्व तुमच्या स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीसारखे आहे. शेगडीतल्या कॉइलमधून प्रवाह वेगाने बदलत राहतो, त्याने चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वर ठेवलेल्या भांड्यात विद्युतप्रवाह तयार होतो. टीएमएसमध्ये कॉइल डोक्याजवळ धरतात. चुंबकीय क्षेत्र कवटीतून सहज आरपार जाते आणि मेंदूच्या वरच्या थरात, साधारण २ ते ३ सेंटिमीटर खोलीपर्यंत, क्षणभर प्रवाह निर्माण करते. तिथल्या पेशी त्याने जाग्या होतात. शेगडीशी साम्य इथेच संपते. डोके तापत नाही.

कॉइल हाताच्या हालचालीचे नियंत्रण करणाऱ्या भागावर धरून एक ठोका दिला, तर समोरच्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. पहिल्या दिवशी डॉक्टर हेच करून पाहतात आणि तुमच्यासाठी किती जोराचा ठोका लागेल ते ठरवतात. नैराश्यात मग कॉइल डाव्या कपाळाच्या वरच्या भागाजवळ सरकवतात. हा भाग विचार, निर्णय आणि भावनांवरचा ताबा यांच्याशी जोडलेला आहे. नैराश्यात त्याचे काम मंदावलेले असू शकते.

तालाचा संबंध इथे पुन्हा येतो. सेकंदाला एक ठोका या संथ तालाने त्या भागाची उत्तेजना साधारणपणे कमी होते, तर सेकंदाला दहा ठोक्यांच्या जलद तालाने ती वाढते. प्रत्येकाच्या मेंदूत हे अगदी असेच घडते असे नाही. 'थीटा बर्स्ट' नावाची पद्धत तर मेंदूच्या स्वतःच्या लयीवरूनच सुचलेली आहे. तीन जलद ठोक्यांचा एक झुबका, आणि असे झुबके सेकंदाला पाच वेळा, म्हणजे थीटाच्या तालात. जुन्या पद्धतीत एका बैठकीला ३७ मिनिटे लागत. थीटा बर्स्टला सुमारे ३ मिनिटे पुरतात. कॅनडात ४१४ रुग्णांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही पद्धतींचा परिणाम जवळपास सारखा आला. जुन्या पद्धतीत ४७ टक्के आणि नव्या पद्धतीत ४९ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली.

हे आकडे कसे वाचायचे?

वरच्या चाचणीत सर्वांनाच खरा उपचार मिळाला होता. त्यामुळे सुधारणेत यंत्राचा वाटा किती आणि बाकीच्या गोष्टींचा किती, हे त्यातून कळत नाही. नैराश्यात रोज घराबाहेर पडणे, कुणीतरी आपुलकीने विचारपूस करणे, आता बरे वाटेल ही आशा वाटणे, यांनीही फरक पडतो. म्हणून चांगल्या चाचणीत निम्म्या लोकांना खोटी कॉइल लावतात. आवाज तसाच येतो, टिचकीसारखी जाणीवही होते, पण मेंदूपर्यंत काही पोहोचत नाही. आपल्याला कोणती मिळाली हे रुग्णाला सांगितले जात नाही.

अमेरिकेत सरकारी निधीतून झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा चाचणीत, औषधांनी बरे न झालेल्या १९० रुग्णांपैकी खऱ्या उपचाराने सुमारे १४ टक्के लोक नैराश्यातून पूर्ण बाहेर आले. खोट्या कॉइलने ५ टक्के आले. म्हणजे शंभर जणांत साधारण नऊ जणांना यंत्रामुळे जादा फायदा झाला. याउलट अमेरिकेतील १६४ माजी सैनिकांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या उपचाराने ४१ टक्के आणि खोट्याने ३७ टक्के बरे झाले. हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान आहे.

तुम्ही "८० टक्के रुग्ण पाच दिवसांत बरे" अशी बातमीही वाचली असेल. स्टॅनफर्ड विद्यापीठात रोज दहा बैठका असा पाच दिवसांचा कोर्स करून पाहिला गेला. त्यात खरा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के आणि खोटा मिळालेल्यांपैकी १३ टक्के बरे झाले. निकाल उत्साह वाढवणारा आहे, पण दोन्ही गट मिळून चाचणीत फक्त २९ माणसे होती. शिवाय प्रत्येकाच्या मेंदूचा खास एमआरआय काढून जागा ठरवली होती. गावातल्या केंद्रात दिला जाणारा 'पाच दिवसांचा कोर्स' तसाच असेल, हे गृहीत धरू नका.

मग निष्कर्ष काय? सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तर औषधांनी पुरेसा फरक न पडलेल्या नैराश्यात टीएमएसचा फायदा होतो. तो सर्वांना होत नाही आणि तो जादूसारखा नसतो. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २००८ मध्ये या वापराला परवानगी दिली. भारतातही अनेक मोठ्या शहरांत हा उपचार मिळतो आणि बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत त्यावर संशोधनही चालते.

उपचार कसा असतो? त्रास काय होतो?

साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे, म्हणजे २० ते ३० बैठका होतात. भूल लागत नाही, भरती व्हावे लागत नाही. खुर्चीत जागेपणी बसायचे असते. यंत्राचा टकटक आवाज मोठा असतो, म्हणून कानात बोळे घालतात. डोक्यावर टिचक्या मारल्यासारखे वाटते. काहींचे डोके किंवा टाळू दुखते. हे बहुधा पहिल्या आठवड्यात कमी होते. उपचारानंतर घरी किंवा कामावर जाता येते. फरक लगेच जाणवत नाही, दोन-तीन आठवडे लागू शकतात.

गंभीर धोका एकच आहे, तो फिट येण्याचा. तो हजार रुग्णांत एकापेक्षाही कमी आहे, पण योग्य चौकशी केली तरच. म्हणून पुढीलपैकी काहीही असेल तर बैठक सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

• डोक्यात धातूची क्लिप, कॉइल किंवा गोळीचा तुकडा
• कानात बसवलेले कॉक्लिअर इम्प्लांट
• पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले कुठलेही विजेवर चालणारे यंत्र
• पूर्वी आलेली फिट, मेंदूची शस्त्रक्रिया, स्ट्रोक किंवा डोक्याला मोठा मार
• गर्भारपण
• दारूचे व्यसन, किंवा दारू वा झोपेच्या गोळ्या नुकत्याच अचानक बंद केलेल्या असणे
• ट्रामाडॉल, बुप्रोपिऑन यांसारखी फिटची शक्यता वाढवणारी औषधे

उपचार चालू असताना जागरण टाळा. आदल्या रात्री झोप झाली नसेल, तर बसण्यापूर्वी तसे सांगा.

हे शॉक ट्रीटमेंट नव्हे

टीएमएसचे नाव काढले की घरातली मोठी माणसे "म्हणजे शॉक देणार?" असे विचारतात. शॉक ट्रीटमेंट म्हणजे ईसीटी. त्यात भूल आणि स्नायू सैल करणारे इंजेक्शन देऊन मेंदूत ठरवून फिट आणली जाते. टीएमएसमध्ये फिट आणायची नसते, उलट ती टाळायची असते.

पण यावरून ईसीटी वाईट आणि टीएमएस चांगले, असा अर्थ काढू नका. रुग्णाने खाणे-पिणे सोडले असेल, जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा धोका फार असेल किंवा भ्रम होत असतील, तर ईसीटी जास्त प्रभावी असते आणि लवकर काम करते. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल न देता ईसीटी करण्यास बंदी आहे. सिनेमात दाखवतात तसे काही आज करता येत नाही. डॉक्टरांनी ईसीटी सुचवली असेल, तर भीतीपोटी टीएमएसमध्ये महिनाभर घालवणे धोक्याचे ठरू शकते.

इतर आजारांत काय स्थिती आहे?

ओसीडी म्हणजे तेच तेच विचार आणि तीच तीच कृती करायला लावणाऱ्या आजारात, खोलवर जाणाऱ्या खास कॉइलला एफडीएने २०१८ मध्ये परवानगी दिली. पण औषधे आणि वर्तनोपचार हे आजही पहिले उपचार आहेत.

लकव्यानंतर हात हलण्यासाठी टीएमएस देऊ का, हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न असतो. युरोपीय तज्ज्ञांच्या गटाने २०२० मध्ये, स्ट्रोकनंतरच्या सुरुवातीच्या काळात हाताच्या हालचालीसाठी संथ तालाच्या टीएमएसला चांगला पुरावा असल्याचे म्हटले. दुसरीकडे अमेरिकेत जवळपास २०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, फिजिओथेरपीसोबत खरी कॉइल लावलेले आणि खोटी लावलेले दोघेही सुधारले. दोन गटांत फरक आला नाही. यातून एक गोष्ट नक्की घ्या: फिजिओथेरपीचा फायदा दोघांनाही झाला. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर ते फिजिओथेरपीला द्या.

ऑटिझम, मुलांचे लक्ष न लागणे, स्मृतिभ्रंश यांत टीएमएस अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. मुलांच्या वाढत्या मेंदूबाबत तर जास्तच सावध राहायला हवे.

सौम्य करंटची पद्धत: टीडीसीएस

यात डोक्यावर दोन ओले पॅड लावून १ ते २ मिलिअँपिअर इतका सौम्य, एका दिशेचा प्रवाह सोडतात. पेशींना तो थेट जागे करत नाही, त्यांची जागे होण्याची तयारी थोडी कमी-जास्त करतो. यंत्र लहान आणि स्वस्त असते, म्हणून ऑनलाइनही मिळते.

पुरावा मात्र टीएमएसइतका भक्कम नाही. ब्राझीलमध्ये २४५ रुग्णांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टीडीसीएस हे एस्सिटालोप्रॅम या नेहमीच्या गोळीच्या तोडीचे आहे असे सिद्ध झाले नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत, गोळी चालू असताना जोडीला दिलेले खरे टीडीसीएस खोट्यापेक्षा सरस ठरले नाही. घरी वापरायच्या यंत्राच्या एका नंतरच्या चाचणीत फायदा दिसला. म्हणजे चित्र अजून स्पष्ट नाही. संशोधकांनी मृतदेहांवर मोजमाप केले तेव्हा बाहेरून सोडलेल्या प्रवाहाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्वचा आणि कवटीतच अडतो, असे दिसले. मेंदूपर्यंत फारच थोडा पोहोचतो.

बॅटरी आणि तारा जोडून घरी असा प्रयोग करू नका. पॅड कोरडे पडले किंवा नीट बसले नाहीत, तर त्वचा भाजते.

चाळीस हर्ट्झचा दिवा आणि स्मृतिभ्रंश

अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या ली-ह्वे त्साय यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले की अल्झायमरसारखा आजार निर्माण केलेल्या उंदरांसमोर सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा दिवा ठेवला, तर त्यांच्या मेंदूत गॅमा लहरींचा ताल उमटतो आणि अमायलॉइड हे घातक प्रथिन कमी होते. पुढे प्रकाशाच्या जोडीला आवाजही वापरला गेला. जगभर बातम्या झाल्या. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दुसऱ्या गटाने असाच प्रयोग उंदरांवर केला, तेव्हा त्यांना अमायलॉइड कमी झालेले दिसले नाही. माणसांवरच्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या आहेत, पण हा उपचार म्हणून घरी वापरावा असे सांगण्याइतका पुरावा आज आपल्यापाशी नाही.

आई-वडिलांसाठी काहीतरी करावे असे मुलांना वाटते, तेव्हा असा दिवा मागवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो मागवण्याआधी हे तपासून घ्या: बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली आहे का? ऐकू नीट येते का? नैराश्य आहे का? रक्तदाब आणि साखर ताब्यात आहे का? झोपेची किंवा ॲलर्जीची एखादी गोळी विसरणे वाढवत नाही ना? यातल्या कित्येक गोष्टींवर आजच उपाय करता येतो. आणि ज्यांना प्रकाशाच्या लुकलुकण्याने फिट येते, त्यांनी असे दिवे टाळलेच पाहिजेत. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये एका कार्टूनमधील लाल-निळ्या लुकलुकत्या दृश्यानंतर शेकडो मुलांना इस्पितळात न्यावे लागले होते.

अल्फा पट्ट्या, लहरींचे संगीत आणि 'मिडब्रेन'चे क्लास

कपाळावर बांधायच्या पट्ट्या ध्यानाला बसताना लहरी दाखवतात. त्यातले बरेचसे संकेत कपाळाच्या स्नायूंचे आणि पापण्या लवण्याचे असतात. ध्यानाने बरे वाटत असेल तर जरूर करा. पट्टीची त्यासाठी गरज नाही. डोळे मिटून शांत बसलात की अल्फा लहरी तशाही वाढतात. विशिष्ट आवाज ऐकून आजार बरा होतो, यालाही भरवशाचा पुरावा नाही. ऐकून झोप लागत असेल तर नुकसान नाही, एवढेच.

'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या नावाने मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचे क्लास महाराष्ट्रातही निघाले होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्यांना उघड आव्हाने दिली. मुले नाकाजवळच्या फटीतून पाहतात, यापलीकडे त्यात काही नाही. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू जन्मापासून काम करतच असतो. तो बंद असता तर मूल डोळेही उघडू शकले नसते. यातले सर्वांत मोठे नुकसान हे की मुलाला खोटे बोलायला शिकवले जाते.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा

१. निदान कोणी केले आहे? मानसोपचारतज्ज्ञाने किंवा मेंदूविकारतज्ज्ञाने प्रत्यक्ष तपासले आहे का?
२. माझ्या आजारासाठी हा उपचार मान्य आहे, की प्रयोग म्हणून दिला जात आहे? प्रयोग असेल तर त्याची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद आणि नीतिसमितीची परवानगी हवी. संशोधनासाठी केलेल्या जादा उपचाराचे पैसे सहभागी रुग्णाकडून घेतले जाऊ नयेत, असे आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.
३. किती बैठका, एकूण खर्च किती? लेखी घ्या. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर पुढे काय, हेही आधीच ठरवा.
४. फिट आली तर ती हाताळायला तिथे डॉक्टर आणि औषधे आहेत का?
५. चालू गोळ्यांचे काय? "आमचा उपचार सुरू झाला, गोळ्या बंद करा" असे कुणी सांगितले, तर तिथून उठून मूळ डॉक्टरांकडे जा.
६. विमा मिळेल का? २०१७ च्या कायद्यानुसार मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा मिळायला हवा. तरी भरती न होता घेतलेल्या उपचाराचा खर्च पॉलिसीत बसतो का, ते कंपनीला लेखी विचारा.

टीएमएसचा विचार कधी करावा?

नैराश्याचे निदान पक्के असेल, एक-दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस घेऊनही फरक पडला नसेल, किंवा दुष्परिणामांमुळे औषधे सोसत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञांशी टीएमएसबद्दल जरूर बोला. पंधरा दिवस गोळी घेऊन सोडून दिली, याला औषध लागू पडले नाही असे म्हणत नाहीत. बरे वाटल्यावरही पुन्हा नैराश्य येऊ शकते. त्यामुळे समुपदेशन, झोप, हालचाल आणि डॉक्टरांनी सांगितलेली औषधे पुढे चालू ठेवावी लागतात.

घरातल्या कुणाच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा, मरणाचे विचार येत असतील, तर कुठल्याही यंत्राच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्या. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या आजाराबाबतचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.